तळ्यातलं फॉस्फेट कुणाचं

पीएचडीसाठी जर्मनीत ब्राउनश्वाइगला आले तेव्हा मला वाटलं होतं, आपण पांढरा कोट घालून चकचकीत मशीनसमोर बसणार आणि जगाच्या कल्याणाचं काहीतरी शोधून काढणार. प्रत्यक्षात दुसऱ्याच उन्हाळ्यात मी छातीपर्यंत येणारी रबरी पँट चढवून एका खेड्यातल्या तळ्यात उभी होते. पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं हिरवं होतं आणि त्याला सडक्या कोबीचा वास येत होता. काठावरचं एक बदक माझ्याकडे अशा नजरेनं बघत होतं, जणू मीच ते घाण केलंय.

"मी नैसर्गिक पाण्यातलं फॉस्फेट मोजते," असं मी कोल्हापूरच्या काकांना फोनवर सांगितलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे खताचं दुकान काढणार का?" मी हो म्हणून टाकलं. त्यांना बरं वाटलं.

तसा त्यांचा नेम फार चुकलेला नव्हता. फॉस्फेट म्हणजे खतच. ते शेणात असतं, साबणात असतं, माणसाच्या मुतात तर भरपूर असतं. तळ्यात ते जास्त झालं की शेवाळ माजतं, शेवाळ मेलं की कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, आणि मग मासे पोट वर करून तरंगतात. या तळ्यात दोन उन्हाळे हेच चाललं होतं.

तळं म्हणजे खडी उपसून झाल्यावर उरलेला मोठा खड्डा. तो गावातल्या आंगेलफेराइनच्या, म्हणजे गळ टाकून मासे धरणाऱ्यांच्या संघाच्या ताब्यात होता. संघाचे अध्यक्ष निवृत्त ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर होते. जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारच्या सीटवर बसल्यामुळे की काय, समोरचा बोलायला लागला की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा. पहिल्याच भेटीत त्यांनी माझा हात इतका जोरात हलवला की खांद्यातून कट् आवाज आला.

"फ्राऊ डॉक्टर," म्हणजे डॉक्टरबाई, ते म्हणाले. मी अजून डॉक्टर झाले नाही हे मी सांगितलं. त्यांनी ब्रेक दाबला. "तर मग, फ्राऊ डॉक्टर, दोषी कोण आहे ते आम्हाला माहीतच आहे. तुम्ही फक्त विज्ञानाचा शिक्का मारा."

दोषी म्हणजे समोरच्या काठावरचा शेतकरी. त्याच्या गाई होत्या, मका होता, आणि शेतातून निघून तळ्यात पडणारा एक सिमेंटचा पाईप होता. अध्यक्षांनी त्या पाईपकडे बोट दाखवलं, जसं कोर्टात खुन्याकडे दाखवतात. दर पावसानंतर संघाचं कुणीतरी जाऊन त्या पाईपखाली बाटली भरायचं आणि तपासायला पाठवायचं. प्रत्येक वेळी फॉस्फेट भरपूर निघायचं. गावात त्यावरून इतकं पेटलं होतं की संघातल्या लोकांनी शेतकऱ्याच्या दारातून बटाटे घेणं बंद केलं होतं. जर्मन माणसानं बटाट्यावर बहिष्कार टाकावा, म्हणजे प्रकरण किती चिघळलं होतं ते समजा.

"तुम्ही बाटली फक्त तिथेच भरता?" मी विचारलं.

"गेनाऊ, बरोबर. घाण तिथूनच येते ना."

मी वहीत टिपून घेतलं. माझ्या बाईंनी, म्हणजे आमच्या प्राध्यापिकेनं, निघताना एवढंच बजावलं होतं, "त्यांचं सॉसेज खाऊ नकोस. आधी सॉसेज देतात, मग उत्तर मागतात."

माझं हत्यार बाटली नव्हतं. बाटली भरली की त्या क्षणी पाण्यात काय होतं तेवढंच कळतं. माझ्याकडे बाटलीच्या झाकणापेक्षा जराशा मोठ्या प्लास्टिकच्या चकत्या होत्या. प्रत्येक चकतीत तळाला लोखंडाचा गंज मिसळलेल्या तपकिरी जेलचा पातळ थर, त्यावर पारदर्शक जेल, आणि सगळ्यात वर पांढरं फिल्टर. ही चकती पाण्यात लटकवून ठेवायची. फॉस्फेट पारदर्शक जेलमधून हळूहळू आत झिरपतं आणि गंजाला चिकटून बसतं, मग सुटत नाही. काही दिवसांनी चकती काढायची, तपकिरी थर ॲसिडमध्ये टाकायचा, त्यात ठरलेलं रसायन घालायचं की पाणी निळं होतं. जितकं गडद निळं, तितकं फॉस्फेट जास्त. पाणी गार की कोमट यावर झिरपण्याचा वेग ठरतो, म्हणून सोबत तापमानही नोंदायचं. चकती दिवसरात्र तिथेच असते, त्यामुळे एका पावसाच्या सरीनं ती फसत नाही.

त्याच सुमारास सासूबाई नागपूरहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या. नवरा सकाळी गाड्यांच्या कंपनीत जायचा तो संध्याकाळी यायचा. सासूबाई वीज मंडळात तक्रार खिडकीवर बसून निवृत्त झालेल्या. दिवसभर माणसांचा आरडाओरडा ऐकायची सवय, आणि इथे आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी शिंकलं तरी शेजारी दार उघडून बघायचा. आठवड्याभरात त्या कंटाळून म्हणाल्या, "अगं, इथे माणसं राहतात ना? मग भांडत का नाहीत?"

"आई, तुम्ही माझ्याबरोबर तळ्यावर चला," मी म्हटलं. "तिथे भांडण आहे."

त्या तयारच होत्या. साडीवर नवऱ्याचं विंडचीटर, पायात स्पोर्ट्स शूज, पिशवीत दशम्या.

पहिल्या दिवशी मी डब्यातून चकत्या काढल्या तसा त्यांनी चष्मा वर केला. "ही तर चायना ग्रासची जेली."

"तसलंच आहे, आई. पण खायची नाही."

"इतकी शिकलीस, आणि जेली पाण्यात बुडवतेस," त्या म्हणाल्या आणि दशमीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

मी पाच ठिकाणी चकत्या लावल्या. एक शेतकऱ्याच्या पाईपशी, एक तळ्याच्या मधोमध, दोन काठच्या लव्हाळ्यांत आणि एक संघाच्या लाकडी क्लबघरापुढच्या धक्क्याला. शेवटची खरं म्हणजे तुलनेसाठी. तिथलं पाणी स्वच्छ असेल, मग पाईपचं पाणी किती वाईट ते उठून दिसेल, असा माझा हिशेब.

आठवड्यानं त्या काढायला गेले तर लव्हाळ्यांतली एक चकती गायब. दोरी तुटलेली. मी अर्धा तास चिखलात चाचपडले. शेवटी सासूबाईंनी काठावरून हाक मारली, "ती काळी कोंबडी बघ, तुझ्या जेलीवर बसलीय." लव्हाळ्यांत एक कूट, म्हणजे पाणकोंबडीसारखी काळी पक्षीण, घरटं करून बसली होती. घरट्यात काटक्या, चिप्सचं पाकीट आणि कडेला नीट खोवलेली माझी चकती. मी एक पाऊल पुढे टाकलं तर ती अशी फिस्कारली की मी दोन पावलं मागे आले.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बाळंतीण आहे. तिला काय तुझ्या पीएचडीचं?"

उरलेल्या चार घेऊन मी लॅबमध्ये गेले. बाटल्यांत रसायन घातलं आणि थांबले. मधल्या पाण्याची बाटली फिकट निळी झाली. लव्हाळ्यांची तशीच. पाईपची थोडी जास्त, पण अध्यक्ष म्हणत होते तसलं काही नाही. त्या आठवड्यात पाऊस नव्हता, पाईप जवळजवळ कोरडा होता. आणि क्लबघराच्या धक्क्याची बाटली शाईच्या दौतीसारखी झाली.

मला वाटलं, मीच काहीतरी गोंधळ घातला. भांडी साबणानं धुतली गेली असतील, हातमोजा फाटला असेल. बाईंना बाटली दाखवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली, शीळ घातली आणि म्हणाल्या, "परत मोज. या वेळी त्या धक्क्याभोवती दाट लाव. आणि तोंड बंद ठेव."

मी परत गेले. या वेळी क्लबघराच्या काठानं ओळीनं चकत्या लावल्या. नेमका त्याच आठवड्यात संघाचा उन्हाळी मेळावा होता. पिंपं भरून बिअर, जाळीवर सॉसेज, बँडवर ट्रम्पेट. सगळा गाव नाचत होता आणि माझ्या चकत्या धक्क्याखाली निमूटपणे लटकत होत्या. अध्यक्षांनी माझ्यासमोर सॉसेजची प्लेट धरली. मी म्हटलं, मी शाकाहारी आहे. हे धादांत खोटं होतं. मागे उभ्या असलेल्या सासूबाई, ज्या खरोखरच शाकाहारी आहेत, माझ्याकडे असं बघू लागल्या की बस.

"फ्राऊ डॉक्टर, मग बटाट्याचं सॅलड घ्या," अध्यक्ष म्हणाले, आणि आवाज उतरवून, "बटाटे दुसऱ्या गावचे आहेत."

पुढच्या निकालात संशयाला जागाच उरली नाही. धक्क्याच्या डाव्या टोकापासून रंग चढत जात होता आणि एका जागी सगळ्यात गडद होता. तिथून सरळ वर पाहिलं की क्लबघराचा संडास. संडासाच्या मागे जमिनीत सिमेंटचं एक झाकण. सेप्टिक टँक.

हे सांगायला मी एका दुपारी क्लबघरात गेले. सासूबाई बरोबर होत्याच. अध्यक्ष एकटेच टेबलाशी बसून गळाचे आकडे साफ करत होते. मी बाटल्या मांडल्या, नकाशा मांडला, आणि शक्य तितक्या सौम्य जर्मनमध्ये सांगितलं की कोरड्या दिवसांत तळ्यात येणारं फॉस्फेट बहुधा या बाजूनं येतंय.

त्यांनी नकाशा पाहिला, बाटल्या पाहिल्या, मग बोटांवर वर्षं मोजली. मान लाल झाली, मग कान, मग डोकं. ते उठले.

"फ्राऊ स्टुडेंटिन!" ते म्हणाले. एका क्षणात माझी डॉक्टरेट गेली, मी नुसती विद्यार्थिनी झाले. "तो टँक मी बांधलाय! माझ्या हातांनी! सिमेंट मी कालवलंय! त्यातून थेंब बाहेर जात नाही!"

"कधी बांधला?"

"बर्लिनची भिंत पडायच्या आधी!"

मग ते सुटलेच. माझं जेल, माझं विद्यापीठ, शाकाहारी लोक, युरोपियन युनियन, सगळ्यांचा उद्धार झाला. मी उठून जायच्या बेतात होते. सासूबाईंनी माझा हात दाबला आणि स्वतः खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. हात मांडीवर, चेहरा सपाट. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण मधेमधे त्या मान हलवत होत्या आणि "हं" म्हणत होत्या. बिल जास्त आलेला माणूस खिडकीत ओरडतो तेव्हा अशाच बसत असणार. अध्यक्षांचा आवाज हळूहळू उतरला. मग ते खालीच बसले.

"झालं?" सासूबाईंनी मराठीत विचारलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या."

ते पाणी प्यायले. त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबलेला होता.

"सिद्ध करा," शेवटी ते म्हणाले. "जेलीनं नाही. मला डोळ्यांनी दिसेल असं."

तसा एक सोपा मार्ग आहे. संडासात रंग ओतायचा आणि तो तळ्यात निघतो का ते पाहायचं. नेहमी हिरवा रंग वापरतात, पण हिरव्या तळ्यात हिरवा रंग काय दिसणार? लाल घ्यावा लागणार होता. शिवाय पाण्यात रंग सोडायचा म्हणजे सरकारी जलखात्याची परवानगी. तिथल्या साहेबानं आधी मला विचारलं की रंग विषारी आहे का, मग विचारलं की तळं आत्ता कोणत्या रंगाचं आहे. "हिरवं," मी म्हटलं. तो म्हणाला, "मग काय बिघडणार आहे," आणि सही केली. माझ्या जर्मनीतल्या मुक्कामातला हा एकमेव ऑफिसातला विनोद.

रंग ओतायचा मान अध्यक्षांनी घेतला. एकटेच संडासात गेले, रंग ओतला, साखळी ओढली, बाहेर आले आणि हात धुताना म्हणाले, "आता बघाच. काही होणार नाही." त्यांच्या तळव्यांवर गुलाबी डाग पडले होते. ते साबणानं जाईनात.

काही दिवस काहीच झालं नाही. फोनही आला नाही. मला वाटायला लागलं, बहुतेक मीच तोंडघशी पडणार. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. ते फक्त म्हणाले, "या."

आम्ही पोचलो तेव्हा ते धक्क्याच्या टोकावर उभे होते, हातात टोपी. डाव्या बाजूला काठालगत, नेमक्या माझ्या गडद चकतीपाशी, हिरव्या पाण्यात गुलाबी ओघळ येत होता. फार मोठा नाही. वाटीभर रंग कुणीतरी हलक्या हातानं सांडावा तसा.

"अगंबाई, गुलाल," सासूबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितलं की आमच्याकडे कुणी निवडणूक जिंकली की हा रंग उधळतात. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "मी तर हरलोय."

मला त्या क्षणी अजिबात जिंकल्यासारखं वाटलं नाही. आपल्या हातानं कालवलेलं सिमेंट दगा देतं, आणि त्यापायी आपण दोन उन्हाळे एका माणसाला गावातून वाळीत टाकलेलं असतं. मी त्यांना सांगितलं की चूक सिमेंटची एकट्याची नाही. इथली माती रेताड. रेतीसुद्धा काही काळ फॉस्फेट धरून ठेवते, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही. मग तिचंही पोट भरतं. ते ऐकत होते की नाही, कोण जाणे. थोड्या वेळानं त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

"चला," ते म्हणाले.

"कुठे?"

"पलीकडे."

आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून शेतकऱ्याकडे गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं की त्याला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. पार्किंगमध्ये दोनदा नापास झालेला. शेतकरी गोठ्याच्या दारात उभा होता, दंडाएवढं मनगट आणि हातात गोठा धुवायचा रबरी पाईप. अध्यक्षांना गाडीतून उतरताना पाहून त्यानं पाणी बंद केलं. माफी हा शब्द येईल म्हणून मी वाट बघत होते. तो आला नाही.

अध्यक्ष म्हणाले, "तुझ्याकडे छोटा बॅगर आहे ना? खणायचा?"

"आहे."

"मला खड्डा खणायचाय. क्लबघरामागे. टँक फुटलाय."

शेतकऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्यांच्या गुलाबी तळव्यांकडे. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हणजे ती घाण," तो म्हणाला, "ती तुमची होती?"

"काही," अध्यक्ष म्हणाले.

मग तो असा हसला की आतल्या गाई हंबरल्या. भिंतीला धरून हसला. सासूबाईंना काहीच कळलं नव्हतं, पण हसू सांसर्गिक असतं, त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अध्यक्ष ताठ उभे होते. त्याचं हसून होईपर्यंत थांबले.

"बॅगर शनिवारी आणतो," शेतकरी डोळे पुसत म्हणाला. "पण चालवणार मीच. तुम्ही शेजारी बसायचं नाही."

"या," अध्यक्ष म्हणाले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो' असा होतो. सासूबाईंना वाटलं, त्याला घरी बोलावलं.

संघाच्या सभेत मी निकाल मांडायचा असं ठरलं होतं. मी प्रोजेक्टर लावत होते तोवर अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रांनो, तळ्यात जे आहे ते बहुतांशी आपलंच आहे. आपणच प्यायलेली बिअर आहे ती." मागून कुणीतरी विचारलं, मेळाव्याचं काय? "मेळावा होणार," ते म्हणाले. "संडास भाड्यानं आणणार." मग त्यांनी हातानं मला खूण केली. माझ्या सुबक आलेखांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

तरी मी राहिलेली अर्धी गोष्ट सांगितली. शरद ऋतूत मुसळधार पाऊस आला तेव्हा पाईपपाशी लावलेल्या चकतीत फॉस्फेट बऱ्यापैकी निघालं होतं. म्हणजे शेतकरी अगदीच धुतल्या तांदळासारखा नव्हता. तो दाराशी उभा होता. त्यानं खांदे उडवले आणि काठालगत रुंद पट्टा न नांगरता सोडायचं कबूल केलं. त्यानंतर संघानं त्याचे बटाटे परत घ्यायला सुरुवात केली. मेंबरांपैकी काहींना ते आधीपासूनच चोरून मिळत होते, असं मला नंतर कळलं.

सासूबाई नागपूरला परत गेल्या. विमानतळावर म्हणाल्या, "इथली माणसं चांगली आहेत. फक्त ओरडून झाल्यावर त्यांना पाणी द्यायला कुणी नसतं."

पुढच्या उन्हाळ्यात तळं स्वच्छ झालं असं लिहायला मला फार आवडलं असतं. झालं नाही. थोडं कमी हिरवं झालं, इतकंच. इतकी वर्षं साठलेलं फॉस्फेट तळाच्या गाळात बसलंय आणि ऊन तापलं की वर येतं. मासे मात्र त्या वर्षी मेले नाहीत. आता मी जेलच्या लांब पट्ट्या गाळातच खुपसून मोजते, कुठल्या खोलीतून किती वर येतंय. अध्यक्ष मला होडीतून नेतात. वल्ही मारताना दर वेळी विचारतात, "फ्राऊ डॉक्टर, अजून किती वर्षं?" मी सांगते, माहीत नाही. ते ब्रेक दाबतात. होडी थांबत नाही.

परवा आम्ही तळ्याच्या मध्यावर होतो. मी पट्टी सरळ उभी धरून हळूहळू गाळात दाबत होते, हात जराही हलू द्यायचा नव्हता. तेवढ्यात शेतकरी काठावरून ओरडायला लागला की पाईपजवळचं विलोचं झाड कुणी छाटलं, त्याची सावली गाईंना लागते. अध्यक्ष होडीत उभे राहून ओरडले की तो विलो संघाचा आहे. होडी गदागदा हलली. मी दोघांना अस्सल कोल्हापुरीत शिवी हासडली. दोघंही गप्प झाले, आणि पट्टी सरळ गाळात गेली.